रिग्रेटफुली आणि तुरीच्या शेंगा

नीलू, ये वं इकडे, जवळ बस. तू तिकडे बंगलोरला, मी इथे प्रताप नगरात, पण लिहिताना मला तुला जवळच बसवावं लागतं, नाहीतर माझ्या लिहिण्याचं भाषण होतं. आधी रागावून घेते, मग गोष्ट सांगते. संक्रांतीला येतेस का म्हणून विचारलं, तर तू काय पाठवलंस? ‘रिग्रेटफुली, कान्ट मेक इट.’ काय वं, आत्याला असं लिहितात? मी काय तुझ्या कंपनीत नोकरी मागायला आले होते? ‘आत्या, जमत नाही’ एवढं लिहिलं असतंस, तर मी जरा फुगून बसले असते आणि विसरले असते. पण तू नेमका तो शब्द वापरलास. त्या शब्दाला मी तू जन्मायच्या आधीपासून ओळखते. त्याच्यापायी एक बाई टोपली घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली होती.

खरंच उभी होती. लुगड्याचा काष्टा, कपाळ कोरं, टोपली काखेत धरलेली, टोपलीवर ओलं फडकं. दुसऱ्या हातात आमच्या ऑफिसचा कागद, चार घड्या केलेला. तिच्या मागे, दाराच्या चौकटीला पाठ लावून, तिची मुलगी. ती मुलगी फरशीकडे बघत होती.

“ह्या कागदावर ज्याची सही हाय, त्या साहेबाले भेटाचं हाय,” बाई म्हणाली.

“कशासाठी?”

“त्यायले लई वाईट वाटून राहिलं म्हणते. म्हणून आलो.”

मी कागद हातात घेतला. माझ्याच मशीनवर निघालेला. तेव्हा आता जरा मागे जाते, म्हणजे तुला कळेल.

मी इथेच, धंतोलीत, एका खासगी दवाखान्यात टायपिस्ट होते. सत्तरच्या पुढची सालं. दवाखान्याला जोडून नर्सिंगची शाळा होती, तिचं सगळं टपाल माझ्याकडे. मॅट्रिक झाल्यावर मी टायपिंगचा क्लास केला आणि बाकी इंग्रजी टपाल टाइप करता करता शिकले. मला इंग्रजी आधी बोटांत आलं, डोक्यात मागाहून. कधीकधी मधल्या रस्त्यात अडकून पडायचं.

आमची नवी बॅच संक्रांतीनंतर सुरू व्हायची. मुली घेऊन किती घ्यायच्या, तर हॉस्टेलात जेवढ्या खाटा तेवढ्या. अर्ज त्याच्या कितीतरी पट. म्हणजे ‘हो’ची पत्रं थोडी आणि ‘नाही’ची ढीगभर. ‘नाही’ची पत्रं एकेक करून कोण टाइप करणार? म्हणून स्टेन्सिल कापायची. तुमच्या पिढीला ते ठाऊक नाही. स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला पातळ कागद. मशीनची रिबन बंद करून त्याच्यावर टाइप केलं की अक्षराअक्षराचं मेण कापलं जायचं. मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या रोलरवर चढवायचा, हँडल फिरवायचं, की कापलेल्या जागेतून शाई उतरून प्रती निघायच्या. नावाची जागा टिंबं टिंबं देऊन कोरी ठेवायची आणि प्रत्येक प्रत पुन्हा मशीनवर चढवून तिथे मुलीचं नाव मारायचं. नाव नेहमी थोडं वर नाहीतर खाली बसायचं. बाकी पत्र सगळ्यांचं आणि नाव तेवढं तुझं, हे लांबूनही दिसायचं.

त्या स्टेन्सिलचं डिक्टेशन देशकर साहेबांनी दिलं होतं. हे शाळेचे सेक्रेटरी. आधी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. बोलणं कमी, कोट नेहमी, हसले तर ऑफिसात चर्चा व्हायची. ‘वी रिग्रेटफुली इन्फॉर्म यू’ असं ते म्हणाले आणि मी थांबले.

“साहेब, हा शब्द मला नवा आहे.”

शिकवण्याची सवय माणसाची जात नाही. त्यांनी चष्मा काढला. “हे बघा बोरकर बाई. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला की आपण सॉरी म्हणतो. ते तोंडातून निघतं. रिग्रेट म्हणजे विचार करून वाटलेलं वाईट. आणि रिग्रेटफुली म्हणजे ते वाईट मनात घेऊनच आपण समोरचं काम करतो आहोत. मनात नाही, पण करावं लागतं आहे.”

“मग मागच्या सेक्रेटरींच्या पत्रात रिग्रेटेबली असायचं, ते?”

“त्याचा अर्थ गोष्ट खेदाची आहे. कोणाला खेद झालाच पाहिजे अशी त्यात सक्ती नाही.”

“मग तेच राहू द्या ना साहेब.”

“नाही. पत्राखाली माणसाची सही आहे. सही करणाऱ्याला काही वाटतं, असं दिसलं पाहिजे.”

दिसलं पाहिजे म्हणाले. मी शब्द टाइप केला. एका जागी ‘एफ’ जास्त पडला, तो लाल करेक्शन फ्लुइडने बुजवला, त्याचा वास दिवसभर बोटांना होता. साहेबांनी प्रत्येक पत्रावर स्वतः सही केली. रबरी शिक्का त्यांना चालायचा नाही. पत्रं गेली. आमच्या लेखी विषय संपला.

आणि आता ही बाई.

ती उमरेडच्या पलीकडून आली होती, पहिल्या एस्टीने. नाव शेवंताबाई मेश्राम. मुलगी सुजाता, दीक्षेच्या सालची, म्हणजे छप्पनची. बाप मागेच गेलेला. मुलीला नर्स करायचं हे शेवंताबाईच्या मनाने घेतलं होतं. कधी घेतलं, कशावरून घेतलं ते मी पुढे विचारलं होतं, तर म्हणाली, “पांढऱ्या कपड्यातल्या बाईले कोनी वं म्हणत नाही, सिस्टर म्हणते.” एवढंच. त्यासाठी पोरीला मॅट्रिक केलं, दुसऱ्याच्या शेतात राबून.

पत्र गावातल्या गुरुजींनी वाचून दाखवलं. गुरुजी चांगले, शब्द सोडणारे नव्हते. त्यांनी सांगितलं की सुजाताला घेतलं नाही, आणि घेता आलं नाही म्हणून तिथल्या साहेबाला मनातून वाईट वाटतं आहे. अर्थ सांगण्यात काही चूक नव्हती. देशकर साहेबांनी मला सांगितला तोच अर्थ.

मी म्हटलं, “बाई, पत्रात असं लिहायचंच असतं.”

“काहून?”

“रीत आहे.”

“आमच्यातही रीत हाय,” ती म्हणाली. “आपल्यापायी कोनाले वाईट वाटलं असं कानावर आलं, का त्याच्या दारात जा लागते. म्हना लागते, बापा, मनाले लावून घेऊ नको. न जाऊन कसं होईन? तो तिकडं झुरत राहीन ना!”

दारातली मुलगी कळवळून म्हणाली, “माय, चाल ना वं. तसं काई नसते. सगळ्यायले तेच लिहिलं हाय.”

तिला सगळं कळलं होतं. टिंबांवर जरा वर बसलेलं आपलं नाव तिने पाहिलं होतं. आईला सांगून दमली होती, आणि मग एवढ्या लांब आईला एकटी कशी पाठवायची म्हणून सोबत आली होती.

“तू गप वं,” शेवंताबाई म्हणाली. “सगळ्यायले लिहिलं म्हणजे सगळ्यायसाठी वाईट वाटलं. एवढ्या पोट्ट्यायसाठी झुरून राहिला तो मानूस. जेवत असन का नाई कोन जाणे.”

मला हसू आलं आणि हसता येईना. नीलू, तुला वाटेल ती भोळी होती. भोळी नव्हती. बाजारात तिच्याशी भाव करून बघायला हवा होता. फक्त, वाईट वाटलं असं कोणी कागदावर लिहून खाली सही करेल आणि ते खरं नसेल, असं तिच्या डोक्यात येत नव्हतं.

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांना आधी वाटलं कोणी भांडायला आलं आहे. अशी भांडणं त्यांना जमायची, नियम दाखवला की झालं. मी म्हटलं, भांडायला नाही आली साहेब, तुमची समजूत काढायला आली आहे. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि तिला आत पाठवायला सांगितलं.

शेवंताबाई आत गेली, टोपली खाली ठेवली, फडकं काढलं. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. ऑफिसभर वास. फिनाइलच्या त्या इमारतीत एकदम शेत आल्यासारखं झालं.

“साहेब, घ्या. पयले खा, मंग बोलू.”

साहेबांनी कोटाच्या बाहीकडे पाहिलं आणि एक शेंग घेतली. सोलता येईना. दाणे टेबलाखाली.

“तुमी मनाले लावून घेऊ नका,” शेवंताबाई म्हणाली. “नाई जमलं तं नाई जमलं. तुमी का मुद्दाम केलं? पोट्टी पुढच्या साली येईन. मी हाय ना राबाले. फक्त एक सांगा, काहून घेतलं नाई? म्हणजे आमी थे दुरुस्त करू.”

साहेबांना सुजाता आठवतच नव्हती. आठवणार कशी? त्यांनी मला मेट्रन सिस्टरना बोलवायला पाठवलं. मेट्रन केरळच्या. कडक. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. मुलींची निवड त्यांच्या शब्दावर व्हायची.

“ये लडकी? हां,” मेट्रन लगेच म्हणाल्या. “इंटरव्ह्यूमध्ये मी सगळ्यांना एकच सवाल विचारला. हॉस्टेलमध्ये आईची याद आली तर काय करशील? सगळ्या बोलल्या. ही बोलली नाही. चुप. जी आत्ताच चुप आहे ती आठ दिवसांत पळून जाणार. दर साल पळतात. मला खाट रिकामी नको.”

ते मात्र खरं होतं. दरवर्षी पहिल्या पंधरवड्यात कोणीतरी ट्रंक उचलून घर गाठायची, आणि ती जागा वर्षभर वाया जायची.

“काहून वं नाई बोलली?” शेवंताबाईने पोरीकडे वळून विचारलं. “जीभ गहाण ठेवली होती का?”

सुजाता पहिल्यांदा वर बघून बोलली. “खोटं काहून बोलू? बाकीच्या म्हणत होत्या, आठवण येनारच नाई. मले तं येईन. मंग काय करीन, थे मले आता कसं ठाऊक? आली म्हणजे समजन.”

मेट्रन तिच्याकडे बघत राहिल्या. मग शेंगांकडे बघून म्हणाल्या, “साल्ट जादा आहे.” आणि मूठभर घेऊन वॉर्डात गेल्या.

तुला वाटेल आता साहेबांनी तिला घेतलं. नाही घेतलं. खाटा भरल्या होत्या, पत्रं गेली होती, नियम म्हणजे नियम. साहेबांनी तसं नीट सांगितलं. शेवंताबाईने मान हलवली. “मी थ्यासाठी आलीच नव्हती,” म्हणाली, आणि ते तिच्या तोंडावरून खोटं वाटत नव्हतं. टोपली रिकामी करून माझ्या टेबलावर शेंगांचा ढीग ठेवला, आणि दोघी एस्टी स्टँडकडे गेल्या. खिडकीतून दिसत होत्या. आई पुढे, टोपली डोक्यावर पालथी. पोरगी जरा मागे, आणि दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना एकदा वळून इमारतीकडे बघणारी. ते वळून बघणं मला अजून दिसतं. हवं असलेल्या गोष्टीकडे माणूस शेवटचं बघतो तेव्हा फार बघत नाही.

साहेब त्या दिवशी डिक्टेशन देईनात. दुपारी मला म्हणाले, “बोरकर बाई, तुम्हाला शेंगा सोलता येतात?” मी सोलून दिल्या. ते खात बसले.

बॅच सुरू झाली. आणि पंधरवड्याच्या आत एक मुलगी गेली. कोण? जी मेट्रनसमोर ठणकावून म्हणाली होती, “आईची आठवण? मला नाही येत कोणाची.” तिनेच रडून रडून हॉस्टेल डोक्यावर घेतलं. भाऊ येऊन घेऊन गेला. खाट रिकामी झाली.

मेट्रन स्वतः साहेबांच्या खोलीत आल्या. “वो चुपवाली लडकी,” म्हणाल्या. “तिला बोलवा. पण जल्दी. सोमवारनंतर मी कोणाला घेणार नाही.”

मी मशीनमध्ये कागद चढवला. साहेब म्हणाले, “काढा तो कागद.”

“तार करू?”

“तार नाही, पत्र नाही. ती बाई माझ्या दारात आली होती. आपण जाऊ.”

रविवारी निघालो. दवाखान्याची गाडी म्हणजे ॲम्बुलन्स. साहेब कोट घालून ड्रायव्हरच्या शेजारी, मी मागे स्ट्रेचरच्या बाकावर. मला नेलं कारण परक्या गावात पोरीच्या घरी पुरुष माणसाने एकट्याने कसं जायचं. रस्ताभर दोन्ही बाजूंना तुरी उभ्या, शेंगांनी वाकलेल्या. गावात ॲम्बुलन्स शिरली आणि सगळं गाव धावत आलं. “कोनाले आनलं? कोन गेलं?” बायांनी पदर तोंडाला लावले. शेवंताबाई शेतातून पळत आली, हातात विळा तसाच. साहेबांना अंगणात उभं बघून तिचा जीव भांड्यात पडला.

“आता काय झालं, साहेब? अजून वाईट वाटूनच राहिलं का?”

साहेब हसले. मोठ्याने. मी नोकरीत लागल्यापासून ऐकलं नव्हतं तसं.

त्यांनी सांगितलं. जागा आहे, आज निघायला हवं. शेवंताबाईने हातातला विळा ओट्यावर ठेवला. पण सुजाता जागची हलेना. घरच्या चौकटीला पाठ लावून उभी, धंतोलीत उभी होती तशीच. मग म्हणाली, “सर, एक विचारू? त्या कागदावर सही केली, तवा तुमाले खरंच वाईट वाटलं होतं का?”

गाव ऐकत होतं. साहेबांना हो म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं?

“नाही,” साहेब म्हणाले. “सही करताना नाही वाटलं. मी नावसुद्धा वाचलं नव्हतं. तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर वाटायला लागलं.”

सुजाताने ते ऐकून घेतलं. जराशी मान हलवली आणि आत गेली. ट्रंक घेऊनच बाहेर आली. म्हणजे भरूनच ठेवलेली होती, कधीपासून देव जाणे. मेट्रनला तिने खोटं सांगितलं नाही, आणि साहेबांकडूनही तिला खोटं नको होतं. एवढाच तिचा हिशेब.

गाडीत ट्रंक चढली. पोरगी चढली. आणि तेव्हा शेवंताबाईचा चेहरा बदलला. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, आणि मिळालं म्हणजे पोर घरातून चालली होती. हे दोन्ही एकच आहे, ते तिला त्या क्षणी समजलं असावं. गाडीच्या दाराला हात लावून ती मला म्हणाली, “बाई, आता मले वाईट वाटून राहिलं. माह्या दारात कोन येईन?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मी येईन.”

डोकं काही म्हणायच्या आत निघून गेलं, आणि मग पाळावं लागलं. पाळलं. दरवर्षी तुरी आल्या की मी एक रविवार जायची. शेवंताबाई शेंगा उकडायची, मी धंतोलीच्या बातम्या सांगायची. सुजाता कशी दिसते, सुई कशी देते, मेट्रन तिच्यावर कशा ओरडतात आणि अवघड पेशंट मात्र तिलाच कसे देतात. “आठवण काढते का वं माही?” ती दर वेळी विचारायची. “काढते.” “मंग काय करते आठवण आली म्हणजे?” हे मी एकदा सुजातालाच विचारलं. ती म्हणाली, “वार्डातल्या एखाद्या म्हातारीची वेणी घालते.” शेवंताबाईला सांगितलं, तर ती कितीतरी वेळ हातातली शेंग न सोलताच बसली होती.

सुजाता पुढे सरकारी दवाखान्यात लागली, गडचिरोलीकडे. आईला घेऊन गेली. काही वर्षांनी शेवंताबाई तिकडेच वारली. मी तरीही तुरीच्या दिवसांत उमरेडची एस्टी दिसली की थांबते. चढत नाही. कोणाच्या दारात जाणार?

आता ऑफिसचं सांगून संपवते. देशकर साहेबांनी तो शब्द काढून टाकला असं तुला वाटेल. काढला नाही. पुढच्या स्टेन्सिलवरही रिग्रेटफुली होतं. फक्त त्यानंतर ते प्रत्येक नाव वाचून मगच सही करायचे, आणि पत्राखाली मराठीत एक ओळ वाढवली, ‘कारण समजून घ्यायचे असल्यास शनिवारी येऊन भेटावे.’ लोक यायचे. शेंगा पुन्हा कोणी आणल्या नाहीत, बहुतेक शिव्याच आणायचे. साहेब ऐकून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, ही ओळ काढू या, शनिवार वाया जातो. ते म्हणाले, “बाई, वाईट वाटतं असं लिहायचं, तर वाटायला थोडा वेळही ठेवावा लागतो.”

माझ्या नोकरीतून मी एवढंच शिकले. शब्दाला हरकत नाही, बेलाशक वापर. फक्त तो वाचून कोणी दारात येऊन उभं राहू शकतं, एवढं ध्यानात ठेव. तू रोज तुझ्या कंपनीतून नोकरी मागणाऱ्यांना नकार पाठवतेस, तुला तर हे माझ्याहून जास्त लागेल.

तर नीलू, तू लिहिलंस रिग्रेटफुली. म्हणजे तिकडे तुला वाईट वाटून राहिलं आहे. रीतीप्रमाणे मी शेंगा उकडून बंगलोरची गाडी धरायला हवी आणि तुझ्या दारात येऊन म्हणायला हवं, बापा, मनाला लावून घेऊ नको. निघालेही असते. पण गुडघे फाटकापर्यंत येतात आणि परततात. कॉटन मार्केटमधून शेंगा आणवल्या आहेत, ओल्या फडक्यात ठेवल्या आहेत. चारपाच दिवस टिकतील, फार तर. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या रविवारी ताज्या आणवीन. मला सोलता येतात, तुला सोलून देईन. ये वं लवकर.